संकलनाच्या टेबलापासून विद्यार्थ्याच्या लॅपटॉपपर्यंत

चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्याकडे स्वतःचा दमदार संगणक असावा, ही अपेक्षा अलीकडची आहे. त्याआधीची सत्तर-ऐंशी वर्षे कॅमेरे, दिवे आणि संकलनाची यंत्रे शाळेच्या मालकीची असत. विद्यार्थी वही-पेन्सिल घेऊन येई आणि यंत्रावर आपली पाळी लागण्याची वाट पाही.

१९१९ साली मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली, तेव्हा रशियात यादवी पेटलेली होती आणि कच्ची फिल्म जवळपास मिळतच नव्हती. लेव कुलेशोव यांच्या हाताखालचे विद्यार्थी फिल्मविना चित्रपट करत: दृश्याचे तुकडे पाडायचे आणि ते प्रेक्षकांसमोर एकापाठोपाठ एक सादर करायचे. शिवाय जुन्या चित्रपटांच्या प्रती कापून वेगळ्या क्रमाने जोडण्याचे प्रयोग चालत. दोन तुकडे शेजारी आले की त्यांतून तिसरा अर्थ निघतो, हा संकलनाचा पायाभूत विचार याच टंचाईच्या काळात घडला.

पुण्यात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली ती प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात. प्रभात १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली होती. तिचा कारभार आटोपल्यावर शासनाने ही जागा घेतली आणि प्रभातचे भागीदार दामले आणि फत्तेलाल यांच्या स्टुडिओत विद्यार्थी शिकू लागले. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन या चारही शाखांचे विद्यार्थी एकत्र येऊन पदविका चित्रपट करत. तो कित्येक वर्षे पस्तीस मिलिमीटर फिल्मवरच होई.

या फिल्मचे गणित सरळ आहे. एका फुटात १६ चौकटी आणि सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. वीस मिनिटांच्या चित्रपटासाठी पाचपट चित्रण केले तर शंभर मिनिटांचे साहित्य जमते, म्हणजे ९,००० फूट फिल्म. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. कॅमेरा सुरू करण्याआधी विद्यार्थ्याला हा हिशेब करावाच लागे, आणि त्यामुळे चित्रीकरणाआधी कागदावर बरेच काम होऊन जाई.

संकलनासाठी दोन यंत्रे जगभर चालली. इवान सेरुरिए यांचे मूव्हिओला १९२४ मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंत पोहोचले. पुढे जर्मनीच्या स्टीनबेक कंपनीचे आडवे टेबल आले. टेबलावर गोल तबकड्या असत. एका पट्टीवर चित्र आणि तेवढ्याच रुंदीच्या चुंबकीय पट्टीवर आवाज, दोन्हींच्या कडांना दातऱ्यांसाठी भोके. त्यामुळे त्या पाऊल न चुकता बरोबर धावत. चित्रीकरणात वाजवलेल्या क्लॅपचा आवाज आणि पाटी मिटल्याची चौकट जुळवली की दोन्ही पट्ट्या एकमेकींना बांधल्या जात. संकलक सुती हातमोजे घाली, मेणाच्या पेन्सिलीने चौकटीवर खूण करी, स्प्लायसरमध्ये पट्टी बसवून कापी आणि पारदर्शक चिकटपट्टीने जोड देई. उरलेले तुकडे कापडी पिशवी लावलेल्या बिनवर खिळ्यांना टांगलेले असत. त्यातला सहा चौकटींचा एखादा तुकडा हरवला, तर तो काठावरच्या क्रमांकावरून शोधण्यात दुपार जाई.

रिळाच्या शेवटचा शॉट हवा असेल तर मधले सगळे फिरवत तिथवर जावे लागे. ही अडचण होती, पण फायदाही होता. शोधत असताना नाकारलेले शॉट पुन्हा नजरेखालून जात आणि एखादा अनपेक्षितपणे कामाला येई. वॉल्टर मर्च यांच्यासारख्या अव्वल संकलकाने हा फायदा आवर्जून नोंदवला आहे.

संगणकावर संकलन करण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९७१ सालचा, सीएमएक्स ६०० या यंत्राचा. मोठमोठ्या चकत्यांच्या चळतीत जेमतेम अर्ध्या तासाचे, तेही कृष्णधवल आणि कमी दर्जाचे चित्र मावे. किंमत अडीच लाख डॉलर. १९८४ मध्ये लुकासफिल्मने लेझर डिस्कवर चालणारा एडिटड्रॉइड दाखवला. दोन्ही फार काळ टिकले नाहीत, कारण अडचण साठवणीची होती. भारतातल्या दूरचित्रवाणीच्या मापाचे, ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे चित्र न दाबता साठवले तर सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट लागतात. आपल्या शंभर मिनिटांसाठी १२४ गिगाबाइट झाले. त्या काळात बहुतेक संगणकांची हार्ड डिस्क काही मेगाबाइटची असे.

१९८९ मध्ये मॅकिंटॉशवर चालणारी अ‍ॅव्हिड यंत्रणा आली आणि कोंडी फुटली ती एका शहाणपणाच्या तडजोडीमुळे. चित्र इतके दाबायचे की चेहरे धूसर दिसले तरी चालतील. संगणकातून शेवटी बाहेर पडायची ती कापण्याच्या क्रमांकांची यादी. त्या यादीबरहुकूम मूळ निगेटिव्ह कापली जाई. चित्र निगेटिव्हमध्ये शाबूत होते, संगणकाने फक्त निर्णय सांभाळले. ‘द इंग्लिश पेशंट’ फिल्मवर कापायला घेऊन मर्च मध्येच अ‍ॅव्हिडकडे वळले, आणि १९९७ मध्ये संकलनाचे ऑस्कर पहिल्यांदाच अशा रीतीने कापलेल्या चित्रपटाला मिळाले. शाळांपुरता फरक मात्र थोडाच पडला. यंत्रणेची किंमत हजारो डॉलरांत असल्यामुळे एखाद-दुसरीच येई आणि तिच्यापुढेही पाळ्या लागत.

खरा पालट १९९५ ते १९९९ या चार-पाच वर्षांत झाला. डीव्ही पद्धतीत कॅमेराच चित्र दाबून छोट्या कॅसेटवर नोंदवू लागला. तासाला १३ गिगाबाइट, म्हणजे शंभर मिनिटांना २२. फायरवायरची एक तार कॅमेऱ्यातून संगणकात गेली की काम सुरू. १९९९ मध्ये अ‍ॅपलचे फायनल कट प्रो ९९९ डॉलरांना आले. २००३ चा ‘कोल्ड माउंटन’ मर्च यांनी त्याच सॉफ्टवेअरवर, बाजारात मिळणाऱ्या संगणकांवर कापला. व्यावसायिक आणि विद्यार्थी एकाच साधनावर काम करू शकतात, हे त्यातून दिसले. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक चित्रपट-विभागांच्या प्रवेशाच्या कागदांत संगणकाच्या किमान गरजांची यादी येऊ लागली. यंत्राचा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकातून पालकांच्या खिशावर सरकला. या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे.

डिजिटल कॅमेऱ्यांनी यादी पुन्हा लांबवली. २००७ मध्ये रेड वन हा ४के कॅमेरा आला. त्याच वर्षी आलेल्या अ‍ॅपलच्या प्रोरेस या चित्र साठवण्याच्या पद्धतीच्या वरच्या प्रतीत ४के चित्र तासाला सुमारे ३१८ गिगाबाइट घेते; शंभर मिनिटांचे ५३०. दुसऱ्या बाजूने, लाखोंच्या खास यंत्रणेसह विकले जाणारे रंगसंस्काराचे दाविंची रिझॉल्व्ह ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये घेतले आणि २०११ पासून त्याची एक आवृत्ती फुकट दिली. सॉफ्टवेअर फुकट झाले, पण ते चालवायला भक्कम ग्राफिक्स कार्ड लागते. म्हणून आजच्या यादीत १६ गिगाबाइट रॅम किमान आणि ३२ बरी, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, वेगवान एसएसडी, रंग खरे दाखवणारा पडदा आणि साहित्याची दुसरी प्रत ठेवायला वेगळी डिस्क असते.

फोन आणि स्वस्त कॅमेऱ्यांच्या फाइल आकाराने लहान असूनही संगणकाला जड जातात. त्यांत प्रत्येक चौकट पूर्ण नसते; आधीच्या-नंतरच्या चौकटींपासूनचा फरक तेवढा लिहिलेला असतो. संकलक जिथे थांबेल तिथली चौकट संगणकाला दर वेळी नव्याने उभारावी लागते.

यावर तोड म्हणजे प्रॉक्सी: मूळ साहित्याची हलकी प्रत करून तिच्यावर कापायचे आणि शेवटी मूळ फाइल जोडायच्या. एचडी मापाच्या प्रोरेस प्रॉक्सीला तासाला १६ गिगाबाइट पुरतात, म्हणजे शंभर मिनिटे २७ गिगाबाइटमध्ये बसतात. एवढे काम मध्यम किमतीच्या, काही वर्षे जुन्या लॅपटॉपवरही नीट होते. रंगसंस्कार आणि अंतिम प्रत शाळेच्या संगणक-कक्षात करायची सोय असेल, तर विद्यार्थ्याला महागडे ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायला लावण्याचे कारण उरत नाही. ज्या शाळा आपल्या यादीत संकलनाच्या गरजा आणि रंगसंस्काराच्या गरजा वेगळ्या लिहितात, त्यांच्याकडे बेताच्या परिस्थितीतल्या मुलांना प्रवेश घेणे परवडते.