शेवटच्या अंकाचा मागोवा

जांभूळ हे अंबरनाथ तालुक्यातले गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. तिथल्या एका घरात मध्यंतरी जुन्या क्रीडापाक्षिकाचा गठ्ठा पाहायला मिळाला. पोटमाळ्यावरून उतरवलेला, सुतळीने बांधलेला, मधेमधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेला. घरधन्यांनी गाठ सोडली आणि सर्वांत खालचा अंक काढून हातात दिला. "हा शेवटचा. याच्यानंतर स्टेशनवरच्या स्टॉलवर तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला स्टॉलवाला म्हणाला, आता येत नाही." इतकेच बोलून त्यांनी अंक परत जागेवर ठेवला. इतक्या वर्षांनंतरही त्या तीन खेपा त्यांच्या मनातून गेल्या नव्हत्या. आवडीचे नियतकालिक बंद पडल्याचे हे दुःख वाचकाच्या वाट्याला केव्हापासून आले, याचा माग काढावा असे तेव्हा वाटले; कारण मुळात ते वाचकाचे नव्हतेच.

त्यासाठी आपण १८३२ पर्यंत मागे जाऊ. त्या वर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले आणि १८४० मध्ये ते थांबले. त्याच वर्षी जांभेकरांनी 'दिग्दर्शन' हे मराठीतले पहिले मासिक सुरू केले. एक पत्र मिटले तरी तीच लेखणी दुसऱ्या नावाने चालू राहिली. पुढची चाळीसपन्नास वर्षे अशीच गेली. संपादकच लेखक, तोच मुद्रिते तपासणार आणि वर्गणीच्या चिंतेने रात्रीची झोप घालवणारही तोच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या 'निबंधमाले'चे ८४ अंक जवळपास एकहाती लिहिले. अशा मासिकाचे आयुष्य म्हणजे एका माणसाच्या उमेदीचेच आयुष्य. ते संपले की हळहळ व्हायची ती प्रामुख्याने त्याच्याच घरी. वर्गणीदार मोजके असत, आणि बहुतेकांना अंक मिळे तो वाचनालयात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे. या पट्ट्यातल्या वाचकाने मासिक पहिल्यांदा हाताळले असेल ते अशाच एखाद्या टेबलावर. सार्वजनिक टेबलावरचा अंक कुणा एकाचा नसतो, म्हणून तो येईनासा झाला तरी कुणा एकाला पोरके वाटत नाही.

पारडे फिरले ते फुरसतीला मान मिळाल्यावर. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये काढलेल्या साप्ताहिकाचे नावच 'करमणूक' होते. १८९५ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांचे 'मनोरंजन' आले आणि १९०९ मध्ये त्याच मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला. दिवाळी अंक घरी विकत आणण्याचा, फराळासोबत वाचण्याचा आणि नंतर जपून ठेवण्याचा, म्हणजे अंक आता घरातल्या वस्तूंत मोजला जाऊ लागला. 'मनोरंजन' १९३५ मध्ये आणि सत्तर वर्षांचे 'विविधज्ञानविस्तार' १९३७ मध्ये थांबले, तेव्हा त्यांचे बांधीव खंड अनेक घरांच्या कपाटांत होते.

याच काळातला क्रीडापाक्षिकांचा एक पूर्वज आज फार थोड्यांच्या स्मरणात आहे. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम' नावाचे मासिक चालवले. कुस्ती, मल्लखांब, देशी खेळ या विषयांना वाहिलेले हे पत्र म्हणजे केवळ छंदासाठी निघालेल्या मराठी नियतकालिकांचे एक आद्य रूप. मुजुमदारांनी पुढे दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' उभा केला. त्याचा पहिला खंड १९३६ चा. मासिके चुरगळतात, हरवतात, रद्दीत जातात, पण आखाड्यातल्या पेचांची नावे हरवता कामा नयेत, अशी तळमळ असल्याशिवाय दहा खंडांचे काम कुणी अंगावर घेत नाही. तिकडे किर्लोस्करवाडीत १९२० मध्ये कारखान्याचे माहितीपत्र म्हणून 'किर्लोस्कर खबर' निघाली होती. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती तिचे घरोघरचे मासिक झाले, आणि नांगराच्या बातम्यांसाठी निघालेला कागद लोक कथाकवितांसाठी वाट पाहून वाचू लागले.

आता आपण लहान मुलांच्या जगात शिरू, कारण अंक ही आपली मालमत्ता आहे असे सर्वांत आधी मुलांनीच मानले. मद्रासच्या नागिरेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेले मासिक एप्रिल १९५२ पासून 'चांदोबा' नावाने मराठीत आले. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम, आणि दर महिन्याला उत्तराची वाट पाहणारा वेताळ! शंकर यांनी काढलेले ते चित्र महाराष्ट्रातल्या दोनतीन पिढ्यांनी मनात जपले. दर अंकात छापलेल्या दोन छायाचित्रांना मथळे सुचवण्याची स्पर्धा असे. पोस्टकार्डावर मथळा लिहून पाठवणारे मूल निव्वळ वाचक उरत नाही, ते त्या खेळातला गडी होते. १९९८ मध्ये हे मासिक थांबले, वर्षभराने पुन्हा निघाले, आणि २०१३ च्या सुमारास कायमचे मिटले. एव्हाना मूळ वाचकांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी जुने अंक शोधायला, पानापानाची छायाचित्रे घेऊन एकमेकांना धाडायला सुरुवात केली. शेवटचा अंक आता संपादकाच्या घरातून निघून वाचकाच्या घरी येऊन पोचला होता.

मोठ्यांच्या साहित्यातही हे दिसते. 'सत्यकथे'ची होळी १९६९ मध्ये तरुण लेखकांनी तिच्या दारात केली. त्या मासिकाचा मराठी साहित्यावर किती वचक होता याचा त्याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झाली आणि तिच्याविषयीची हळहळ पुढची कित्येक वर्षे लेखांतून, आठवणींतून येत राहिली.

जांभूळच्या गठ्ठ्याशी सर्वांत जवळचे नाते आहे ते १९८३ च्या विश्वचषकानंतरच्या काळाचे. त्या संघातला आपला संदीप पाटील 'एकच षटकार' या क्रीडापाक्षिकाचा संपादक झाला. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत अभियंता असतानाच त्यासाठी लिहीत होते. वर्तमानपत्राने धावफलक दिलेला असे. पण तो झेल कसा घेतला गेला, ड्रेसिंगरूममध्ये कोण गप्प बसले होते, हे वाचण्यासाठी पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. लोकलमध्ये एक जण वाचायचा आणि दोघे खांद्यावरून डोकवायचे. मग नव्वदीत उपग्रह वाहिन्या घरात आल्या, १९९३ मध्ये क्रिकइन्फो सुरू झाले, आणि पंधरा दिवस थांबण्याची सवयच मोडली. अशा पत्रांना प्रतिस्पर्ध्याने हरवले नाही. वाचकाकडे जी प्रतीक्षा होती तीच संपली.

अगदी हेच सातासमुद्रापार घडलेले पाहायचे तर २००७ कडे वळू. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कल्पनेतल्या साहसांचा बैठा खेळ १९७४ चा. त्याला वाहिलेले 'ड्रॅगन' मासिक १९७६ पासून आणि 'डंजन' १९८६ पासून निघत होते. एप्रिल २००७ मध्ये दोन्हींची छपाई थांबणार असे जाहीर झाले, आणि त्या सप्टेंबरात 'ड्रॅगन'चा ३५९ वा व 'डंजन'चा १५० वा अंक निघून तो प्रवास संपला. खेळाचे हक्क असलेल्या कंपनीने तो मजकूर संगणकाच्या पडद्यावर नेला. चाहत्यांत दुःख होते तसा रागही होता. ज्या अंकांनी आपल्याला खेळायला शिकवले, ज्यांच्या पानांवर पेन्सिलीने नकाशे काढले, ते पडद्यावर कसे मावणार, असे अनेकांना वाटले. ही मासिके छापणाऱ्या पैझो या प्रकाशनसंस्थेने मात्र उरलेल्या वर्गणीचा हिशेब ठेवून वाचकांना धरून ठेवले. 'पाथफाइंडर' नावाची नवी पुस्तकमाला २००७ मध्येच काढली आणि २००९ मध्ये त्याच नावाचा स्वतंत्र खेळ आणला. 'दर्पण' मिटताना 'दिग्दर्शन' उघडणाऱ्या जांभेकरांची इथे आठवण होते.

२०२० च्या टाळेबंदीत छापखाने आणि टपाल थंडावले तेव्हा मराठी नियतकालिकांनीही पीडीएफचा आधार घेतला. बालभारतीने १९७१ पासूनच्या 'किशोर'चे जुने अंक सर्वांसाठी ऑनलाइन खुले केले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण कागदाचा अंक पाहायचा तर जांभूळकरांना दूर जावे लागत नाही. बदलापुरातच श्याम जोशी यांनी स्वतःच्या संग्रहातून उभे केलेले 'ग्रंथसखा' वाचनालय आहे, आणि दुर्मीळ ग्रंथांबरोबर जुनी मासिके व दिवाळी अंक तिथे जिव्हाळ्याने सांभाळले गेले.

गठ्ठ्याच्या धन्यांना मी विचारले की हे बांधून का घेत नाही. त्यांनी उशीखालची एक चिठ्ठी काढली. मधला एक अंक कुणी तरी वाचायला नेला तो परत आलाच नाही. त्याचा क्रमांक तिच्यावर लिहिलेला होता. बदलापूरला गेले की रद्दीवाल्यांकडे ते ही चिठ्ठी दाखवतात. तो अंक मिळाला की बांधायला टाकायचे, असे ठरले आहे.