सार्वजनिक शौचालये, औंढा नागनाथ

हिंगोली जिल्ह्यातील तीर्थक्षेत्री भाविक व प्रवासी यांच्यासाठीची स्वच्छतेची सोय. औंढा नागनाथ हे तालुक्याचे ठिकाण असून कारभार नगरपंचायतीकडे आहे. बारा ज्योतिर्लिंगांतील आठवे म्हणून मानल्या जाणाऱ्या इथल्या नागनाथाच्या हेमाडपंती मंदिरात श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी उसळते. गरजेचे माप म्हणूनच वस्तीवरून काढता येत नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या (२०१४) शहरी निकषात सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक व २५ स्त्रियांमागे एक आसन धरले आहे. हे गणित रहिवाशांचे, यात्रेकरूंचे नव्हे. यात्रेपुरती फिरती शौचालये उभारणे हा त्यावरचा रुळलेला उपाय. पंढरीच्या वाटेवर २०१५ पासून ‘निर्मल वारी’ या उपक्रमाने तो मोठ्या प्रमाणावर केला.

महाराष्ट्राचा शहरी भाग २०१७ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. पण कागदावरची मुक्ती आणि दाराची कडी, बादलीतले पाणी, रात्रीचा दिवा या वेगळ्या गोष्टी. मराठवाड्यात उन्हाळ्यात पाण्याची टाकीच कोरडी पडते, तेव्हा नवे बांधकामही निरुपयोगी ठरते. सर्वाधिक कुचंबणा स्त्रियांची. लांबच्या प्रवासात कित्येक जणी पाणी पिणेच टाळतात. मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, या अन्यायातून २०११ मध्ये ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये रस्त्यांलगत स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे पुरवण्याची जबाबदारी महापालिकांवर टाकली. औंढ्यासारख्या नगरपंचायती महापालिका नव्हेत, गर्दी मात्र त्यांच्याकडेही येते.