हिरकणीच्या कड्यावरून

रायगडावर माहिती सांगायला लागले तेव्हा घसा कोरडा पडायचा. राज्याभिषेक १६७४चा, सगळं पाठ. तरी वाटायचं, समोर शिकलेली माणसं, आपलं बिंग आत्ता फुटणार. कर्तबगार बायकांच्या याच भीतीवर पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली लिहिलं, हे मला फार उशिरा कळलं.

आमची वाडी हिरकणीच्या नावाची. दूध घालायला गेलेली गवळण, मिटलेले दरवाजे, तान्ह्यासाठी रात्री उतरलेला कडा. ही आख्यायिका आहे, दप्तरातली नोंद नव्हे, हे मी आता आधीच सांगते. तेव्हापासून आवाज कापत नाही. मग बुरुजावरून खालचा कडा दाखवते. करवंदीची जाळी कशी ओरबाडते, ते मात्र पुस्तकातून सांगत नाही. गुरांमागे फिरताना पडलेले ओरखडे अजून हातावर आहेत.