धन्याचं झाड, सरकारची कुऱ्हाड

मराठी आरमाराला लाकडाची गरज कायमच असायची. तरीही १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, अशी सक्त ताकीद आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात, हे कारणही तिथे दिलं आहे. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन ते तोडावं. जबरदस्ती करू नये. झाड आणि धनी दोघांचाही विचार करणारा असा हुकूम त्यानंतरच्या तीनशे वर्षांत क्वचितच निघाला.

कंपनी सरकारने उलटी वाट धरली. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली सागवानी जहाजं बांधली जात होती. १८१७मध्ये तिथून पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. हा साग मलबारहून यायचा. तो हातचा जाऊ नये म्हणून १८०६मध्ये कॅप्टन वॉटसन यांना वनसंरक्षक नेमलं गेलं आणि त्यांनी सागावर सरकारी मक्ता बसवला. खासगी जमिनीतला सागही त्यातून सुटला नाही. जमीनमालक आणि व्यापारी इतके खवळले, की मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांच्या पुढाकाराने १८२३मध्ये ते पदच रद्द झालं.

पुढे १८७८चा आणि १९२७चा वन कायदा आला. १९२७च्या कायद्यातल्या ३५व्या कलमाने सरकारला खासगी रानातही दखल देता येऊ लागली. पाणी टिकावं, दरडी कोसळू नयेत, यासाठी मालकाला तोडीची मनाई करायची. पण आधी नोटीस द्यायची आणि त्याचं म्हणणं ऐकायचं. कलम शहाणपणाचं होतं.

स्वतंत्र महाराष्ट्राने १९६४मध्ये वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा केला. साग, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा अशी ठरावीक झाडं स्वतःच्या बांधावर असली, तरी ती तोडायला परवानगी लागू लागली. शहरांसाठी १९७५मध्ये वेगळा वृक्ष कायदा झाला. २०२१च्या दुरुस्तीने तर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष ठरवून जास्तीचं संरक्षण दिलं.

खरं वादळ उठलं ते दुसऱ्याच कायद्यावरून. त्या कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातली खासगी वनं सरकारजमा झाली. त्यांत ३५व्या कलमाची नोटीस निघालेल्या जमिनीही धरल्या गेल्या. १९५०च्या दशकात निघालेल्या अशा कित्येक नोटिसांवर पुढे काहीच झालं नव्हतं. मधल्या काळात मुलुंड, भांडुप, विक्रोळी परिसरातल्या अशा जमिनींवर रीतसर परवानग्या घेऊन इमारती उभ्या राहिल्या, माणसांनी कर्ज काढून घरं घेतली. मग एके दिवशी जमिनीच्या दप्तरात ‘खासगी वन’ अशी नोंद झाली. ज्याने नोटीस कधी पाहिलीच नव्हती, त्याचं घर कागदोपत्री जंगलात गेलं. जंगल वाचवण्याच्या हेतूबद्दल वाद नाही, पण ही रीत अन्यायाचीच होती.

वाद न्यायालयात गेला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २००८मध्ये सरकारची बाजू उचलून धरली. गोदरेज आणि बॉयस कंपनीच्या अपिलासह इतर अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी तो निकाल फिरवला. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकापर्यंत पोचायला हवी आणि तिचा पाठपुरावाही व्हायला हवा, असं न्यायालयाने सांगितलं. त्यानंतर या जमिनींच्या नोंदी पुसण्याचं काम महसूल खात्याकडे आलं.