चेपॉकचा लिलाव

अमुक एका ऐतिहासिक वास्तूतील आलिशान सदनिका विकावयाची आहे, अशी जाहिरात मोठ्या शहरांतील वृत्तपत्रांत हल्ली अधूनमधून वाचावयास मिळते. उंच छत, सागवानी जिने, समुद्राचा वारा असे सारे गुण तीत सांगितलेले असतात. मूळ मालक ती वास्तू सोडून का गेला, एवढेच सांगितलेले नसते. गिऱ्हाइकाला इतिहास हवा असतो तो शोभेपुरता. वास्तविक जुन्या वाड्याच्या विक्रीखताआड पुष्कळदा एखाद्या घराण्याचा अस्त असतो. चेन्नईत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. मरीनाच्या किनाऱ्यानजीक चेपॉकचा राजवाडा उभा आहे, आणि १८५९ साली त्याचा लिलाव झाला होता.

हा वाडा बांधला अर्काटचा नबाब महंमद अली वालाजाह याने. कर्नाटकाची गादी त्याला इंग्रजांच्या साहाय्याने मिळाली होती. साहजिकच स्वतःच्या राजधानीपेक्षा इंग्रजांच्या तोफांची सावली त्याला अधिक सुरक्षित वाटू लागली. प्रथम खुद्द सेंट जॉर्ज किल्ल्यातच वाडा बांधावा असा त्याचा मानस होता. तो बेत रहित झाल्यावर त्याने किल्ल्याच्या दक्षिणेस चेपॉक येथे जागा घेतली, आणि १७६८ च्या सुमारास हुमायून महाल व खल्सा महाल या दोन इमारती तेथे उभ्या राहिल्या. राजाने राजधानी सोडून सावकाराच्या शेजारी बिऱ्हाड करावे, यातच पुढील कथेचे बीज होते असे आम्हांस वाटते.

सावकार हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. या वाड्याचा आराखडा परंपरेने ज्याच्या नावावर सांगितला जातो तो पॉल बेनफील्ड हा कंपनीचा इंजिनियर होता, आणि तोच नबाबाच्या मोठ्या सावकारांपैकी एक झाला. येथे आपल्या तंजावरचा संबंध येतो. १७७३ मध्ये नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले व तुळजाराजे भोसले यांस कैद केले. विलायतेतील संचालकांनी हे अमान्य करून राज्य परत देण्यासाठी लॉर्ड पिगट यास गव्हर्नर नेमून पाठविले. एप्रिल १७७६ मध्ये त्याने तुळजाराजांस पुन्हा गादीवर बसविले. त्याबरोबर बेनफील्ड पुढे झाला, आणि नबाबास दिलेल्या कर्जापोटी तंजावरचा वसूल व शेतातील पीक आपल्याकडे गहाण आहे असा दावा त्याने मांडला. मागणी २ लाख ३० हजार पौंडांहून अधिक होती. मामुली पगाराच्या नोकराजवळ एवढी रक्कम कोठून आली, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. परंतु कौन्सिलातील बहुमत सावकारांच्या बाजूचे निघाले. ऑगस्ट १७७६ मध्ये त्यांनी आपल्याच गव्हर्नरास अटक केली, आणि मे १७७७ मध्ये पिगट कैदेतच वारला. पुढे १७८५ साली एडमंड बर्क याने पार्लमेंटात नबाबाच्या कर्जांवर गाजलेले भाषण केले, त्यात बेनफील्डवर त्याने आसूड ओढले. कावेरीकाठच्या मराठी राज्यातील भात आणि चेपॉकचे चुनेगच्ची महाल यांना जोडणारा धागा हा असा कर्जाचा होता.

१८०१ च्या तहाने कर्नाटकाचा मुलकी व लष्करी कारभार कंपनीकडे गेला. नबाबाकडे किताब, तनखा आणि चेपॉकचा वाडा एवढेच उरले. मग आला १८५५ चा ऑक्टोबर. त्या एकाच महिन्यात दोन मृत्यू घडले. प्रथम चेपॉकचा नबाब गुलाम गौस खान निपुत्रिक वारला, आणि महिनाअखेरीस तंजावरचे दुसरे शिवाजीराजे पुत्र नसताना निवर्तले. सातारा १८४८ मध्ये व नागपूर १८५४ मध्ये याच वाटेने गेले होते. नागपूरकर भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्यास लिलावात निघाले, ही गोष्ट तर प्रत्येक मराठी वाचकाच्या मनात सलणारी आहे. मद्रासेतही दोन्ही गाद्या नाहीशा झाल्याचे सरकारने ठरविले.

गादी गेली, पण घराचे काय? राजाचे राज्य त्याच्याबरोबर संपते असे घटकाभर मानले, तरी त्याचे घर, दागिने, पुस्तके यांचा वारस कोण? तंजावरच्या राणी कामाक्षीबाईंनी हाच प्रश्न मद्रासच्या सुप्रीम कोर्टापुढे नेला, आणि कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. सरकार प्रिव्ही कौन्सिलात गेले. १८५९ साली तेथे असे ठरले की, ही जप्ती म्हणजे राज्यसत्तेचे कृत्य होय. ते न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार न्यायालयास नाही. आणि त्याच १८५९ साली इकडे चेपॉकचा वाडा दिवंगत नबाबाच्या कर्जफेडीसाठी लिलावात काढण्यात आला. सहा लाख रुपयांहून थोड्या कमी किमतीस तो घेतला कोणी? मद्रास सरकारनेच. ज्याने घराणे संपले असा निर्णय दिला, तोच घराचा गिऱ्हाईक झाला.

यापुढे दोन्ही वाड्यांचे नशीब वेगळे झाले. १८६२ मध्ये सरकारने तंजावरची खासगी मालमत्ता, हक्क म्हणून नव्हे तर कृपा म्हणून, राजकुटुंबास परत केली. म्हणूनच सरस्वती महालातील ग्रंथ व मोडी कागद एका छपराखाली राहिले, आणि १९१८ मध्ये ते ग्रंथालय सर्वांस खुले झाले. चेपॉकात मात्र रेव्हेन्यू बोर्ड व बांधकाम खाते आले. रॉबर्ट चिझमने दोन महालांना जोडणारा मनोरा उभारला, आणि वाड्याच्या जुन्या विस्तीर्ण आवारात क्रिकेटचे मैदान, प्रेसिडेन्सी कॉलेज व विद्यापीठाचे सिनेट हाउस यांना जागा मिळाली. नबाबाचा चुलता अझीमजाह यास १८६७ मध्ये अर्काटचे प्रिन्स म्हणून मान्यता मिळाली, आणि १८७६ पासून हे घराणे रॉयपेट्ट्यातील अमीर महालात राहते. चेपॉक त्यांना परत मिळाला नाही.

त्याच काळात तंजावरकडील मराठी मंडळी मद्रास इलाख्याच्या कचेऱ्यांतून वर चढत होती. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव मद्रासेत शिकले, तेथेच सरकारी नोकरीत शिरले, आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. राज्य गेले, पण राज्य चालविण्याची विद्या गेली नाही. आपल्या वाचकांपैकी अनेक जण आज परप्रांती जे काम करीत आहेत, त्याची परंपरा इतकी जुनी आहे.

जानेवारी २०१२ मध्ये खल्सा महालास आग लागली. छत कोसळले, आग विझविताना एका अधिकाऱ्याचे प्राण गेले, सरकारी दप्तर जळाले. पाडावे की राखावे, हा प्रश्न तेव्हा अनेकांच्या मनात आला असेल. सुदैवाने राखण्याचा मार्ग पत्करला गेला, आणि जुन्या पद्धतीने चुन्याचे काम करून तो महाल पुन्हा उभा करण्यात आला. आम्ही त्यास मोठी गोष्ट समजतो. लिलावात घेतलेल्या घराची किंमत एका दिवसात चुकती होते. ते सांभाळण्याचे देणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या फेडावे लागते.

बदलीच्या गावी सरकारी घराचा ताबा घेताना खुर्च्या, टेबले, पंखे यांची यादी आपण तपासून सही करतो. चेपॉकच्या आवारात आजही कचेऱ्या आहेत. तेथे कामास जाणाऱ्या आपल्या बांधवांनी त्या यादीत एक ओळ मनातल्या मनात वाढवावी: ही वास्तू दुसऱ्याची होती, ती अशा रीतीने आपल्याकडे आली, आणि पुढच्यास सुस्थितीत देणे आहे.