म्हैसूरच्या तीन राजधान्या

राजधानी म्हटली की ती कायमची, असे आपण धरून चालतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आपल्या मराठी राज्याचेच पाहा. आधी राजगड, मग १६७४ च्या राज्याभिषेकाचा रायगड, रायगड पडल्यावर थेट तमिळ मुलखातील जिंजी आणि पुढे सातारा. ज्या म्हैसुरात आपण राहतो, त्या म्हैसूर राज्याची कथाही अशीच आहे.

१६१० मध्ये राजा वोडेयर यांनी श्रीरंगपट्टण जिंकले आणि राजधानी तेथे नेली. कारण उघड आहे. चारी बाजूंनी कावेरी, म्हणजे देवानेच खणून दिलेला खंदक! आपला प्रसिद्ध दसराही वोडेयरांनी त्याच वर्षी तेथे सुरू केला.

आज राजधानी असलेले बेंगळुरू तेव्हा या राज्यात नव्हते. १६३८ मध्ये ते विजापूरकरांनी घेतले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून दिले. पुढे ते व्यंकोजीराजांकडे होते. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतले आणि तीन लाख रुपयांना चिक्कदेवराज वोडेयरांना दिले. म्हणजे कर्नाटकाच्या राजधानीचा एक धागा भोसल्यांपर्यंत पोहोचतो.

हैदर आणि टिपू यांच्या काळातही राजधानी श्रीरंगपट्टणच राहिली. टिपूने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याच्या दगडांनी जवळच नजरबाद वसवायला घेतले. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला. ३० जूनला पाच वर्षांच्या कृष्णराज वोडेयर तिसरे यांना म्हैसुरात गादीवर बसवले, दिवाण झाले पूर्णय्या, आणि तेच दगड परत आणून म्हैसूरचा किल्ला बांधला गेला. ब्रह्मदेशातही असेच घडले. १८५७ मध्ये मिंडॉन राजाने मंडाले वसवायला घेतले, तेव्हा अमरपुराचा लाकडी राजवाडा उतरवून तिकडे नेला. त्याचा मुलगा थिबा याला १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केले. पुढे त्याला आपल्या रत्नागिरीत ठेवले आणि तेथेच तो १९१६ मध्ये वारला. त्या देशाने २००५ मध्ये पुन्हा राजधानी हलवली, ती यांगूनहून नेप्यिडॉला.

म्हैसूरचे राजधानीपण मात्र फार टिकले नाही. नगरच्या बंडाचे निमित्त करून १८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार हाती घेतला आणि कचेऱ्या बेंगळुरूला नेल्या. तेथे १८०९ पासून त्यांची छावणी होतीच. श्रीरंगपट्टणच्या तापाला कंटाळून त्यांनी ती हलवली होती. १८८१ मध्ये राज्य वोडेयरांना परत मिळाले, पण कचेऱ्या परतल्या नाहीत. राजा म्हैसुरात आणि फायली बेंगळुरात, असे चालू राहिले.

मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर, त्यामुळे मला इतिहास रुळांवरून दिसतो. १८८२ मध्ये पूर्ण झालेल्या बेंगळुरू-म्हैसूर मार्गावर या तिन्ही राजधान्या ओळीने आहेत. श्रीरंगपट्टणला रूळ किल्ल्यातूनच जातात. दुहेरीकरणाच्या वाटेत टिपूचे एक शस्त्रागार आले, तेव्हा ते न पाडता २०१७ मध्ये अख्खेच्या अख्खे उचलून सुमारे १३० मीटर बाजूला नेऊन ठेवले. सुमारे हजार टनांची वास्तू! जुने पाडूनच नवे बांधावे लागते असे नाही, हे त्या कामाने दाखवले.

राजधानी गेली की गावाचे काय होते? श्रीरंगपट्टण आज लहान गाव आहे. लालमहालाचे फक्त अवशेष उरले. म्हैसूर मात्र टिकले. येथे १९१२ मध्ये नवा राजवाडा पुरा झाला, १९१६ मध्ये विद्यापीठ आले, आणि दसरा तर होताच. आपल्या देवराज मोहल्ल्याच्या कडेने जाणारा, बडोद्याच्या महाराजांचे नाव मिरवणारा सयाजीराव रस्ता हीच त्या मिरवणुकीची वाट आहे. कचेऱ्या हुकुमाने हलतात. शाळा, बाजार आणि उत्सव हे लोकांचे असतात, आणि लोकांनी सांभाळले तर ते जागचे हलत नाहीत. परमुलखात येऊन स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे. या सुट्टीत मुलांना घेऊन श्रीरंगपट्टणला जरूर जाऊन या. अंतर अवघे १५ किलोमीटर आहे.