दलवाईंचा विचार मराठवाड्यात का रुजला नाही?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. 'सत्यशोधक' हा शब्द जोतीरावांचा, म्हणून आपल्याला ही चळवळ आपली वाटते. तरीही तेलगाव-धारूर पट्ट्यातल्या मुसलमान शेतमजुराच्या घरात ती शिरली नाही. हे खापर एकट्या मौलवींच्या माथी फोडणे सोपे आहे.

कोकणातल्या मिरजोळीचे दलवाई मराठीत लिहीत. इकडे घरात दखनी. निजामी राजवटीत कचेरी आणि वरचे शिक्षण उर्दूत. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. १९४८ नंतर ही उतरंडच मोडली. आसफ फैजींनी इस्लामचा आधुनिक विचार १९६३ साली पुस्तकरूपाने मांडला, तो इंग्रजीत. धर्मग्रंथाची भाषा अरबी; अक्षरे ओठांवर, अर्थ दुसऱ्याच्या ताब्यात. ही अवस्था आपल्या आज्यापणज्यांना काही नवी नव्हती!

परंतु भाषेहून मोठी अडचण भयाची होती. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात मुसलमानांची कत्तल झाली. पं. सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने कित्येक दशके दडवून ठेवला. ज्यांच्या मेलेल्यांची दखलही घेतली गेली नाही, त्यांना घरातली चिकित्सा फितुरी वाटली, यात नवल ते काय? त्यात हिंदुत्ववाद्यांनी दलवाईंची मुस्लिमांवरील टीका तेवढी उचलली. हिंदू जमातवादावरची सोयीस्करपणे गाळली.

बाबासाहेबांनीही परखड धर्मचिकित्सा केली. पण १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आधी 'मूकनायक' होते, 'बहिष्कृत भारत' होते, महाडचे पाणी होते, वसतिगृहे होती. वाचक अगोदर घडत होता आणि तो आपल्या माणसाचे कडू बोल ऐकत होता. दलवाईंना असा वाचक घडवायला वेळच मिळाला नाही; ३ मे १९७७ ला, वयाच्या पंचेचाळिशीआधीच ते गेले. शिवाय त्यांचा भर तलाक, बहुपत्नीत्व आणि समान नागरी कायद्यावर. स्त्रियांचा तो प्रश्न खराच होता. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द केला तेव्हा मोर्च्याला एक्कावन्न वर्षे झाली होती. मात्र बागवान, पिंजारी, कसाई यांच्या जातीचा आणि भाकरीचा प्रश्न बाजूला राहिला, असे माझे मत आहे.

तो जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसी चळवळीतून पुढे आणला. ७ डिसेंबर १९९४ चा शासननिर्णय त्यातून निघाला. जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालणारा बागवान त्या चळवळीला ओळखतो. दलवाईंचे नाव त्याच्या कानावरही गेलेले नसते.